नागकन्येचं नाक

माझं काम एवढंच होतं,
तिचं नाक खाजवायचं.

बहिरमच्या जत्रेत, शहात्तर की सत्त्याहत्तर साली,
मौत का कुआँच्या पाठीला पाठ लावून एक पाल होतं.
वर रंगवलेलं: धड सापाचं, मुंडकं बाईचं,
तिकीट चार आणे, गर्भार बायांनी आत येऊ नये.
आत एक टेबल. टेबलाखाली दोन तिरपे आरसे,
ज्यांत सतरंजीच दिसायची, म्हणजे काहीच नाही दिसायचं,
आणि आरशांमागे उकिडवी बसलेली फुलबासन,
राजनांदगावाकडची, वय असेल सोळा.
टेबलावर फक्त तिचं डोकं
आणि मानेपासून वेटोळं घातलेलं कापडी धड,
हिरव्या ऑइलपेंटचं, आत सरकी भरलेली.
सरकीला उंदीर लागायचे.
शेपूट दर आठवड्याला आखूड व्हायचं.

दुलीचंद मास्टर भोंग्यावर ओरडायचा.
लोक यायचे, एकच विचारायचे:
कोणतं पाप केलं होतं?
ती पाठ केलेलं म्हणायची, मराठी न कळता,
'मायबापाचा सबद मोडला, देवाचा शाप लागला.'
बाया पदर तोंडाला लावायच्या.
टारगट पोरं पाच पैशाचं नाणं
नेम धरून गालावर मारायची.
तिला डोळे मिटता यायचे, तेवढंच.

हात खाली, आरशांच्या मागे,
दुपारी चारपासून रात्री एकपर्यंत.
पाल रिकामं झालं की ती हळूच म्हणायची, 'ए बाबू,'
आणि मी खाजवायचो.
कधी नाक, कधी डावी भुवई.
पेट्रोमॅक्सवरचे किडे तिच्या केसांतून वेचायचो,
चहा बशीनं पाजायचो,
संत्र्याची फोड तोंडात द्यायचो,
बिया ती माझ्या तळहातावर थुंकायची.
रोज आठ आणे, आणि मौत का कुआँ फुकट.

तिथं कामठीचा डेव्हिड भिंतीवर चढला
की इकडे टेबल थरथरायचं,
दोन आरशांमधली फट उघडायची
आणि नीट पाहिलं तर एक गुडघा दिसायचा.
कोणी नीट पाहिलं नाही.
पैसे मुंडक्याचे दिले होते.

एका रात्री माय आली, करजगावच्या बायांसोबत,
नवसाचे रोडगे करून, मनगटाला अजून कणीक.
बायांनी पाप विचारलं.
माय पुढं झाली, म्हणाली,
'जेवली का व बाई तू?'

याचं उत्तर फुलबासनला शिकवलेलं नव्हतं.
तिनं मास्टरकडे पाहिलं.
'मायबापाचा' इथपर्यंत आली, आणि थांबली.
बाहेर भोंगा खरखरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मायनं फडक्यात दोन रोडगे बांधले.
'दोनही तिचेच हायेत. तू हात लावू नोको.'

जत्रा उठली. कुआँच्या फळ्या ट्रकवर चढल्या.
फुलबासन पालाबाहेर आली, उभी,
माझ्याहून हातभर उंच.
मला तिची उंची माहीतच नव्हती.
हातही तेव्हाच पाहिले,
कोपरापर्यंत गोंदलेले, नखं कुरतडलेली.
तिनं संत्रं सोललं, एकेक शीर काढली,
फोड माझ्या तोंडात घातली.
मी बिया गिळल्या. कुठं थुंकावं कळेना.
मग तिनं माझं नाक खाजवलं,
खाजत नव्हतं तरी,
आणि खदखदून हसत फळ्यांवर जाऊन बसली.

ट्रक चांदूर बाजाराकडे गेला.
फाळक्यावरून शेपूट लोंबत होतं, उंदरांनी फाडलेलं,
दाणा दाणा गळत.

त्या मृगात सडकेच्या कडेनं
पऱ्हाटीची चार-सहा झाडं उगवली.
कोणी लावली, कोणालाच ठाऊक नव्हतं.
मी कोणाला सांगितलं नाही.
पोळ्याच्या आतच गुरांनी खाल्ली.