देदो

अवलाबारीच्या सरकत्या जिन्याखाली
एक काचेची खोली आहे, खुर्चीएवढीच रुंद.
तिच्यात मी बसते. एकोणीस वर्षं.
जिन्याकडे बघत राहणं, एवढंच काम.
कुणी घसरलं, कुणाचा कोट अडकला, की लाल बटण.

शौचालय वर आहे.
वर म्हणजे दोन मिनिटं चढत्या पायऱ्यांवर,
आणि बदलीचं माणूस येईपर्यंत पंचवीस.
पोटाला हे गणित कधी कळलं नाही.

म्हणून आदल्या रात्री मी जेवत नसे.
लग्नात वाफाळती खिंकाली पुढ्यात आली
की देठाशी धरायची, फिरवून बघायची,
बशीत परत ठेवायची.
"नानुली डाएटवर आहे."
डाएट!
रात्रभर आत कुणीतरी कपाटं सरकवत असायचं.

डॉक्टर जुजुनांनी नळी घालून पाहिलं.
"काही नाही," म्हणाल्या,
आणि ते काही नाही कागदावर लिहून दिलं, शिक्क्यासकट.
मग कॅप्सूल: फ्रिजमध्ये ठेवा,
एकेकीत दहा अब्ज जिवंत जीव.
आमच्या अख्ख्या देशात तेवढी माणसं नाहीत,
आणि आहेत त्यांतलं कुणी काचेकडे वळून बघत नाही.
हे मात्र खास माझ्यासाठी येणार होते.
आले असतील. राहिले की नाही, कळलं नाही.
डबी संपली. पगार तिच्याआधी.

पहाटे सहाला आमच्या चौकात हाक येते,
"मात्सोनीऽऽ"
शेवटचा स्वर भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहतो.
कखेतीहून पहिल्या गाडीनं येते लामारा,
बरण्या जुन्या बाबागाडीत.
गाडीतली मुलगी आता बारीला म्हाताऱ्यांची सेवा करते,
गाडी रिकामी कशाला ठेवू, म्हणते.

तिनं मला काय होतंय ते विचारलं नाही.
"चमचाभर. रोज. जास्त नको.
पोट हट्टी असतं, त्याच्याशी हळू बोलावं."
आणि लावायला शिकवलं:
दुधात करंगळी दहा आकडे टिकली पाहिजे,
जुन्यातला एक चमचा तळाशी सोडायचा,
लोकरीच्या कोटात गुंडाळायचं, हलवायचं नाही,
त्या खोलीत भांडायचंही नाही.
त्या चमच्याला आम्ही देदो म्हणतो.
आईचा शब्द त्याच्या इतका शेजारी आहे
की घाईत तोच तोंडून निघतो.

पहिला आठवडा वाईट गेला. दुसरा त्याहून.
आणि मग कधीतरी एका मंगळवारी
लक्षात आलं, दुपारचे तीन वाजलेत
आणि मी नुसती जिन्याकडे बघतेय.

नोव्हेंबरात लामाराचा खुबा मोडला.
त्याच आठवड्यात मी, शहाणी,
बरणी साबणानं लख्ख धुऊन पालथी घातली.
तळाचा चमचा मोरीतून गेला.
हातात साबण, आणि मी पाण्याकडे बघत उभी.

वरच्या मजल्यावर त्सिआला राहते.
गळक्या नळावरून सहा वर्षं अबोला.
लामारानं कधीतरी माझ्याच बरणीतलं
तिला दिलं होतं, मला न सांगता.
सकाळी कठड्यावर वाटी होती, वर बशी झाकलेली,
आणि जिन्यात कुणी नाही.
विरजण पडलं ते आमच्या भांडणावर.
पुरतं लागलं नाही अजून:
नळ गळतोच, आणि ती मान हलवते, बोलत नाही.

बरी झाले असं मी म्हणणार नाही.
बीन्स अजून लांबूनच बघते.
डबीनं कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही,
जुजुनाबाई म्हणतात, आम्हालाही सगळं कुठे कळतं.
हे ऐकून त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली.

काल रात्री पुन्हा सरकलं. एकच कपाट.
मी उठले, दिवा न लावता
कोटाची बाही उचलली, बरणी किंचित कलती केली.
अजून पातळ होतं.
पुन्हा झाकलं.