कॉशन

टाचेला भेग पडली तेव्हा देवकानं
बिब्बा तापवून चटका दिला होता.
मागं राहिलेला काळा डाग बिब्ब्याचाच,
असं मी धरून चाललो. सहा महिने.
बिब्ब्याचा डाग वाढत नसतो
हे कळायला पायमोजा रक्तानं चिकटावा लागला.

जळगावला डॉक्टर भिरूडबाईंनी
रिपोर्ट उलटा करून मागच्या बाजूला पेशी काढली.
"हिला बाहेरून निरोप येतो, वाढ.
मग आत एकाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं.
तुमच्यात मधलाच एक अडकून बसलाय, काका.
कुणी सांगो न सांगो, वाढ म्हणतोय."

एकतीस वर्षं भुसावळ यार्डात
मी सिग्नलच्या तारा ताणल्या.
पेशी नाही कळली. अडकलेला सिग्नल कळला.

आमच्याकडं तार तुटली
तर सिग्नलचा हात आपल्याच वजनानं
'थांब'वर येऊन पडतो.
बिघडलं तरी गाडी उभी राहावी, माणूस मरू नये,
एवढा विचार कुणीतरी लोखंडात घातलेला.
इथं उलटं. बिघडलं की हिरवा.
कातडी बांधणाऱ्याला आमच्या साहेबानं
त्याच दिवशी चार्जशीट दिली असती.

गोळ्या दोन.
एक अडकलेल्याचा हात धरते, दुसरी त्याच्या पुढच्याचा.
दोन कशाला?
"एकाच ठिकाणी अडवलं तर आडवाटेनं निघतं."
लूप लाइन, मी म्हटलं. मग होम आणि स्टार्टर दोन्ही लाल पाहिजेत.
बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
"थांबेल असं मी म्हणत नाही, काका.
हळू होईल."

मे महिना. पारा सत्तेचाळीस.
गोळीचा ताप कोणता आणि गावाचा कोणता,
देवका कपाळावर हाताची पाठ ठेवून ठरवू पाहते,
ठरत नाही, मग दोघांनाही शिव्या घालते.

कुठं रूळ कमजोर असला
की ड्रायव्हरच्या हातात कॉशन देत:
अमुक किलोमीटर ते अमुक, ताशी पंधरा.
कारण लिहिलेलं असे.
किती दिवस, ते बहुतेक वेळा कोरं.

रात्री साडेतीनला तापीच्या पुलाकडून मालगाडी येते.
तिथं सध्या काम चालू आहे,
त्यामुळं चाक न् चाक वेगळं ऐकू येतं.
टाच पांघरुणाबाहेर काढून मी डबे मोजतो.
अठ्ठावन्न असतात.
चाळीस झाले.
अजून येऊ राहिले.