मोजणी

जसुभाई माछींनी रोहू आणला तो बर्फाच्या डब्यातून,
फाफडा बांधून आणावा तसा वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
"बेन, जरा जुओ ने," म्हणाले, आणि माझ्या टेबलावर ठेवला.
खवल्यांखाली लाल चट्टे,
शेपटीच्या मुळाशी उघडी जखम,
डोळा थोडा बाहेर आलेला,
गॅस चालू राहिल्याचं मध्येच आठवावं तसा.

फतेगंजातल्या आमच्या प्रयोगशाळेत
नवरात्र सरता सरता असे मासे येतातच.
मूत्रपिंडातून एक टिपूस घेतला, प्लेटवर ओढला.
दुसऱ्या दिवशी वसाहती: पिवळट, गोल, नीटनेटक्या.
एरोमोनास. जुनी ओळख.
शेजारच्या निरोगी तळ्याच्या पाण्यातही तेच निघाले.
म्हणजे चोर बाहेरून आला नव्हता.
घरातच राहत होता,
भाडं वेळेवर देत.

मग मी दोन प्लेटा लावल्या. मऊ अगार, दह्याहून जरा घट्ट.
एकीत नुसतं पाणी.
दुसरीत, घाबरलेल्या देहात जे सुटतं त्याचा एक थेंब.
नॉरअ‍ॅड्रेनालिन, बाटलीवर लिहिलेलं होतं,
कोणाच्या भीतीचं ते लिहिलेलं नव्हतं.
अठ्ठावीस अंशांवर रात्रभर.
सकाळी पट्टी ठेवली:
पहिलीत अकरा मिलिमीटर,
दुसरीत चौतीस,
आरशावर श्वास सोडावा तसं धुरकट वर्तुळ
कडेपर्यंत पोचायच्या बेतात.

त्यांना कान नाहीत.
तरी त्यांना कळतं की आपण ज्याच्यात राहतो
तो मासा घाबरलाय.
रक्तातलं लोह प्रथिनांनी मुठीत आवळून धरलेलं असतं;
त्या थेंबानं मुठी सैल होतात.
त्याच वेळी कॉर्टिसॉल पहारेकऱ्यांना सांगत फिरतं,
पहारा राहू द्या, आत्ता पळायचंय.
पळायचं कुठे? तळ्याला चार बांध.

"जसुभाई, तळ्यात तुम्ही काय काय करता?"
"सगळं करतो, बेन."
त्यांनी वही काढली.
सोमवारी जाळं, वजन.
बुधवारी जाळं, मोजणी.
शुक्रवारी पुन्हा, कारण बुधवारी तेवीस कमी भरले.
रविवारी मेहुणा बघायला आला, म्हणून जाळं.
मेलेल्यांचा आकडा लाल पेनानं.
मी पानं उलटत गेले.
मोजण्या वाढल्या की लाल आकडा वाढत होता,
लाल आकडा वाढला की मोजण्या.
आधी काय, ते वहीलाही ठाऊक नव्हतं.

"दवा लिहून द्या."
मी लिहिलं: तीन आठवडे जाळं बंद.
हवेचा पंप रात्री चालू.
पुढच्या खेपेला बीज कमी सोडा.
त्यांनी कागद उलटून पाहिला, मागे काही आहे का म्हणून.
"आणि मी काय करायचं?"
काही नाही, म्हटलं.
बिलापेक्षा हे त्यांना जड गेलं.

माझा निहार बारावीला आहे.
त्या रात्री मी त्याच्या खोलीचं दार तिसऱ्यांदा उघडलं नाही.
दोनदा उघडलं होतं.

बाराव्या दिवशी पादऱ्याच्या बसनं गेले.
रमीलाबेननं लांबूनच खूण केली, हळू.
जसुभाई बांधावर बसलेले,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
जाळं बाभळीवर वाळत होतं, त्यात एक कोळी राहायला आलेला.
"झोपत नाहीत," ती कुजबुजली,
"बगळे मोजतात. काल पंपाचे आवाज मोजत होते."
मी शेजारी बसले. पाण्याचा नमुना घ्यायचा होता,
बाटली पिशवीतच राहू दिली.

बऱ्याच वेळानं
मधोमध एक मासा उसळला, लख्ख,
आणि पाण्यात गेला.
"एक," जसुभाई म्हणाले,
आणि माझ्याकडे पाहून
जीभ चावली.