पाहिलेली स्थळे

'डेस्टिनेशन'ला दातीर साहेबांनी आधी 'गंतव्य' सुचवलं,
मग म्हणाले, नको, कीर्तनात बसल्यासारखं वाटतं,
इंग्रजीच राहू दे.
'स्पर्धाक्षम' मात्र ठेवला.
मसुद्यात तो सतरा वेळा आलाय. मीच टाइप केला, मीच मोजला.
ओझरचं विमानतळ, कोरडी हवा, द्राक्षं,
गुडघा बदलायचा दर बँकॉकपेक्षा किती कमी
त्याचा रंगीत तक्ता.
आणि जोडपत्र चार :
परदेशी रुग्ण-पर्यटकांचे अभिप्राय, किमान पन्नास.

मुंबई नाक्यामागच्या लॉजमध्ये मला एक सापडला.
हमादी जुमा, पेंबा बेटावरचा, होड्या बांधणारा सुतार.
मुलगी झुवेना, वय सहा, हृदयाला छिद्र.
दुभाषी म्हणून कोकणीपुऱ्यातली नफीसा.
तिची अरबी नमाजापुरती, त्याची बंदरापुरती,
उरलेलं हातांनी.

आगमनाचा हेतू?
तो म्हणाला, दावा.
माझं पेन थांबलं. विम्याचा? कोर्टातला?
नफीसा हसली, अगं, औषधाला म्हणतात ते.
म्हणजे आपलाच दवा,
कुठल्याशा गलबतात एक काना जास्त चढलेला.
मी 'उपचार'वर खूण केली
आणि का कोण जाणे, समासात 'दावा'ही लिहिला.

पाहिलेली स्थळे, किमान तीन?
त्याने बोटं मोडली.
आयसीयूची काच.
द्वारका सर्कल, रस्ता ओलांडता येईना म्हणून अर्धा तास.
एटीएम, दोनदा.
मग गच्चीवरून दिसतो तो डोंगर,
लेण्यांत कुणी राहतं का, विचारलं त्याने.
आता नाही, मी म्हणाले.

सेवेचा दर्जा : उत्कृष्ट, चांगला, बरा.
बरा म्हणजे?
नफीसा अडखळली. म्हणजे, तसा काही खास नाही असा.
आणि, ती म्हणाली, आजार गेला की माणूस होतो, तोही बरा.
हमादीने माझ्या हातातून पेन घेतलं
आणि त्या चौकटीत खूण केली,
कागद पाठीमागे उमटेल इतकी जोरात.

साहेब म्हणाले, हा फॉर्म काढा.
सरासरी पडते.
मी समजावलं शब्दाचं. ते म्हणाले, तक्त्याला कुठे शब्द कळतात?
शिवाय दर्जाखाली टीप देता येत नाही,
मंत्रालयात टीप कोणी वाचत नाही.

नवा फॉर्म भरून घ्यायला गेले तर खोली रिकामी.
मॅनेजर दार उघडून दाखवत होता, मिटून दाखवत होता.
पावसाळ्यापासून अडत होतं हे,
त्या सुताराने कुठूनसा रंधा मागून आणला,
रात्रभर पोरीच्या फोनची वाट बघत
तासत बसला होता.
एक दिवसाचं भाडं सोडलं मी.
आणि पोरगी?
जिना स्वतः उतरली, तो म्हणाला,
मधे एकदाच बसली.

दार मी पण लावून पाहिलं.
आवाज नाही.