पंधरा आकडे

नोकरीची शेवटची सात वर्षं
मी जनावरांच्या कानात बिल्ले मारले.
पिवळे, बारा आकड्यांचे.
लोहीखेडच्या दवाखान्यात पट्टीबंधक होतो,
डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी, बाकी दिवस मीच.
गाय एकदा मान झटकते,
मग पुन्हा कडब्याला लागते.
नंबर तिचा असतो, पण तिला तो वाचायचा नसतो.

ढेप्याला बिल्ला नव्हता.
सरकीच्या ढेपेचा रंग, म्हणून ढेप्या.
त्याच्या मानेत कणीएवढी चिप,
नागपूरला घातली, सुई ही एवढी जाड.
तो गप्प बसला, ओरडली सुचिता.
मालक म्हणून नाव माझं लिहिलं,
तिच्या होस्टेलात कुत्रं चालत नव्हतं
आणि जर्मनी म्हणजे तेव्हा
शनिवार-रविवारचा एक क्लास होता फक्त.

मग ती गेली. मग त्याचे कागद सुरू झाले.
रेबीजसाठी त्याचं रक्त तिकडे तपासायला गेलं,
म्हणजे त्याच्या आधी त्याचं रक्त विमानात बसलं.
तीन महिने थांबा, म्हणाले.
तोवर तो खारपाणपट्ट्यातल्या भेगांत
घोरपडीमागे तोंड घालून फिरला,
रज्जाक मिस्त्रीनं पिंजऱ्यासाठी माप घेतलं तेव्हा
टेपच चावून टाकला.

काल रात्री फोन. त्यांची संध्याकाळ.
"बाबा, त्याले इथं नोंदवा लागते.
अजून थो तुमच्याच नावावर हाये."
"मंग असू दे ना बाप्पा. कोनाले तरास हाये?"
"हरवला तं?"

मी गप्प.
चिप काही हाक मारत नाही, हे मलाही माहीत आहे.
कुणी उचललं, मशीन फिरवलं,
तर आकडे दिसतात,
आकड्यांमागे नाव, नावामागे पत्ता.
पत्ता: मु. पो. लोहीखेड, ता. दर्यापूर.
लाईपझिगच्या पावसात भिजलेलं कुत्रं
आणि पत्ता दर्यापूरचा.

रेशनकार्डाच्या डब्यातून डायरी काढली.
चष्मा लावून पाच-पाच करत वाचले.
तेराव्याला अडलो.
नऊ की एक?
माझ्या अक्षरात दोघं सख्खे भाऊ,
एकाची शेपटी जरा खाली, एवढंच.
एक चुकला तर ढेप्या
भलत्याच कुणाच्या दारात परत जाईल,
तेही म्हणतील, हो, आमचाच.
तिनं उद्या डॉक्टरकडं नेऊन पाहिलं.
नऊ.

मग कागद आला मोबाईलवर.
सदर कुत्र्यावरचा माझा हक्क मी सोडत आहे.
रज्जाकच्या पोराच्या दुकानातून प्रिंट काढली, दहा रुपये.
सही करताना बाजार आठवला.
आमच्याकडं जनावर विकलं तरी
दावं देत नाहीत,
घरी आणून खुंटीला लावतात.
साखळी आहे अजून तिथं.
कागदात साखळीचं काही लिहिलेलं नव्हतं,
मी दोनदा वाचला.

रात्री पुन्हा ती.
"बाबा, अजून एक खाना हाये. दुसरा नंबर,
म्या नाही उचलला तं त्यायनं कोनाले फोन करायचा."
"तिथं कोनी नाही का तुयं?"
थोडा वेळ नुसता आवाज, भांड्यांचा.
"तुमचा देऊ?"

आता फोन उशाशी असतो, आवाज मोठा करून.
बायको म्हणते, कायले रात्रभर दिवा लावून ठेवता.
मी सुचितानं लिहून दिलेलं वाचत बसतो,
देवनागरीतली जर्मन, तीन ओळी:
हो, हे आमचं आहे.
कृपा करून थोडं पाणी द्या.
त्याचं नाव ढेप्या.
तिसरी ओळ जमते.
"ढे" त्यांना येणार नाही, ती म्हणाली.
मी सावकाश म्हणून दाखवीन,
जीभ वर टाळूला लावून, दोनदा,
तो शेजारी उभा असेल, फोनजवळ,
त्याला तरी ऐकू जाईल.