फुगलेलं दार

गुरुवार, संध्याकाळचे साडेसहा.
वाचनालयाच्या तळघरात
आम्ही नऊ जण आणि एक कविता.
बाहेर विस्कॉन्सिनचा नोव्हेंबर,
कापून झालेला मका, खुंटांवर भुरभुरलेलं हिम.

कविता दीडशे वर्षांपूर्वीची, आठच ओळींची.
लिहिणारी बाई कोण, धड कुणाला ठाऊक नाही.
उन्हाळाभर तिच्या तबेल्याचं दार फुगलेलं, लागतच नाही.
घोडी आतून चांदण्या बघते.
आणि शेवटी, बर्फ पडल्यावर,
दार आपोआप लागतं.
एवढंच. खाली पान कोरं.

मी नेहमीचा प्रश्न विचारला,
सत्तावीस वर्षं विचारत आलेय तोच:
दार म्हणजे काय?

लोरेटा कझमारेक, जन्मभर परिचारिका,
म्हणाली, मृत्यू.
(दुसरा शब्द तिला लवकर सुचत नाही,
आणि तिचं फारसं चुकतही नाही.)
केलब म्हणाला, युद्ध. साल बघा ना!
उत्तर आणि दक्षिण, दोन फळ्या, चौकट एकच.
मी लिहीत गेले: मृत्यू. देश. विरह.
देव, पुढे प्रश्नचिन्ह.
घोडीचा आत्मा झाला,
चांदण्यांचं अनंत झालं,
आणि तबेल्यात शेणाचा वास येतो
हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पा न्या वांग, चीझच्या कारखान्यात रात्रपाळीला असते,
हळूच म्हणाली,
माझी आई कापडावर गोगलगाय भरायची.
गिऱ्हाइकं विचारायची, याचा अर्थ काय?
ती सांगायची, गोगलगाय.
गिऱ्हाइकं गेली की आम्हाला
दुसरंच काही सांगायची.

मग हॅरल्ड ट्वेट. सुतार. वय एक्क्याऐंशी.
सप्टेंबरपासून चकार शब्द काढला नव्हता.
‘लाकूड आडवं फुगतं,’ तो म्हणाला, ‘उभं नाही.
हवेतलं पाणी पितं.
जुलैत लोक रंधा घेऊन धावतात.
मी सांगायचो, थांबा, तासू नका.
थंडीत सुकेल, आपसूक बसेल चौकटीत.
आत्ता तासलंत
तर हिवाळाभर फटीतून वारा खाल.’

कुणीतरी हसलं.
तो कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.
‘हिला हे माहीत असणार.
दार लागत नाही म्हणून ती रडत नाहीये.
लागलं, म्हणून.’

मग बराच वेळ काही नाही. मग:
‘आयरीन गेली त्याला दीड वर्ष झालं.
परवा मी एक कपाट केलं.
सकाळपासून, कड्या-बिजागऱ्यांसकट.
संध्याकाळी हात धुताना लक्षात आलं,
दिवसभरात ती एकदाही...’

रेडिएटर ठोकत राहिला.
लोरेटानं वहीतला मृत्यू खोडला नाही,
शेजारी फक्त लिहिलं: सुकणं.

अर्थ लावतो आपण, दार लावावं तसा,
आतून, कडी घालून,
आणि निवांत झोपतो.
किती पोरांच्या हातात मी रंधा दिला,
तासा म्हटलं, बसवा चौकटीत!
वर्गभर छिलके पडायचे, कुरळे, ताज्या वासाचे.
त्यांनाच आम्ही कविता समजत होतो की काय.

आठ वाजले.
‘पुढच्या गुरुवारी काय लिहून आणायचं?’ केलबनं विचारलं.
मला उत्तर नव्हतं.
म्हटलं, घरातलं एखादं दार लावून बघ.

सगळे गेल्यावर हॅरल्ड
तळघराच्या दाराशी थबकला,
वाकून कडेला बोट लावलं.
‘अजून घासतंय हे.’
‘कुणाला सांगू का?’
‘कशाला? जानेवारीत लागेल.’
त्यानं टोपी कानांवर ओढली
आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत वर गेला.

फळा मी पुसला नाही.
दिवा मालवला,
आणि दार नुसतं लोटून घेतलं.