जर्मनी म्हणते साडेपाच

केळीचे ट्रक भरून गेले की
सावद्याच्या शेडमध्ये, उरलेल्या पुठ्ठ्यांवर आम्ही तिघं बसतो,
मोबाइलच्या उजेडात तोंडं निळी.
लीलाधर नेहेते युरोपचा.
हेमराज फेगडे अमेरिकेचा, कारण ती दिवसातून चारदा बोलते
आणि चारदा वेगळं बोलते,
म्हणजे कधीतरी खरी ठरणारच.
मी जर्मनीचा. का, ते आता आठवत नाही.
बहुतेक त्या दोघांचे देश आधीच ठरले होते म्हणून.

आज युरोप म्हणतो, नऊ.
अमेरिका सकाळी अकरा म्हणत होती, संध्याकाळी आठ.
‘काय म्हन्तं भो तुह्यं जर्मनी?’
साडेपाच, मी म्हणतो.
कोणी हसत नाही.

मग वाद. झंझावात काश्मीरवरून पुढे सरकलाय,
मागे आभाळ कोरडं, ताऱ्यांनी गच्च.
वारा पडतो की नाही, सगळं तिथं अडलंय.
राहिला तर नऊ.
पडला तर थंडी पाण्यासारखी वागते,
सातपुड्यावरून उतरते, नाल्यानाल्यानं येते,
सुकीच्या पात्रात साचते
आणि काठच्या बागांत गुडघाभर उभी राहते.
मॉडेलला हे दिसत नाही.
अमेरिकेच्या एका चौकोनात
डोंगराचा उतार, रावेरचा बाजार, नेहेतेची कांदेबाग,
सगळं एकाच तापमानाचं.
सातपुडासुद्धा त्यांच्याकडे बुटका आहे,
इस्त्री फिरवलेला.

साडेनऊला पालहून कलिंदर तडवीचा फोन.
तो कुठल्याच देशाचा नाही, वनखात्याचा आहे.
‘सर, बारावर आलंय आत्ताच. सागाचं पान हलत नाही.’
फेगडेनं मफलर सोडला, पुन्हा बांधला.

नेहेते उठला.
लाइट दहाला येते, मोटार चालू करायची होती,
विहिरीचं पाणी कोमट, तेवढाच मुळांना आधार.
शेवरीच्या आतल्या अंगाला
ओल्या पाल्याचे ढीग लावून ठेवलेले.
निसवण अर्ध्यावर.
थंडीनं पोंगा आवळला की घड गळ्यातच अडकतो,
हे मला त्यानंच शिकवलं, पान हातात धरून,
मी पोरांना समीकरण शिकवतो तसं.
माझ्याकडे केळीचं एक खोड नाही.
माझ्याकडे वही आहे.

कबूल करतो,
रात्री दोनदा उठून मी अंगणात गेलो
आणि दोन्ही वेळा मला पारा खाली हवा होता.
सात पॉइंट दोन. मग सहा पॉइंट एक.
अजून, म्हणालो, अजून थोडं,
शेवटच्या षटकात म्हणतात तसं.
सुकीच्या अंगाला धुराची आडवी पट्टी होती,
माणसाच्या उंचीवर थांबलेली,
वरची हवा तिला घेईना.
ती कोणाची, मला माहीत होतं.
‘इन्व्हर्जन,’ वहीत लिहिलं. ‘सुंदर.’
मग ‘सुंदर’ खोडलं.

सहा चाळीसला पाच पॉइंट चार.
सतरा वर्षांच्या वहीत इतकं खाली काहीच नव्हतं.
फेगडेचा निरोप आला: शेवभाजी माझ्याकडे.
पुढे काही नाही.

सायकल काढून बागेत गेलो.
नेहेते धुऱ्यावर बसलेला, डोळे लाल,
भुवयांवर राख.
त्यानं तळहात उघडला,
पेनानं लिहिलेलं: साडेसात. बागेतलं.
‘दोन अंश राखले धुरानं. लिहून घे.’
कुठल्या रकान्यात, मी विचारलं.
युरोप, अमेरिका, जर्मनी, अंगण,
तेवढेच रकाने आखलेले.
तो खोकला, बराच वेळ खोकला.
पोंगे कसे आहेत हे विचारायचं राहिलं,
किंवा विचारलं नाही.

‘आज रातचं काय म्हन्तं?’
मी मोबाइल काढला.
काचेवर बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.
गारठलेलं बोट तिला ओळखू येईना.
नेहेतेनं पायानं ढीग उकरला,
खाली अजून लाल होतं.
‘आधी हात शेक,’ म्हणाला.